ध्वज धरणाऱ्याने वळायचं नसतं

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात बसलो आहे. समोरच्या यंत्रात पथकाच्या चार काळ्या विजारी फिरत आहेत.

आदरणीय नरजित दाजू,

इथूनच पाया पडतो. फोनवर तुम्ही मला बंद करून ठेवलं आहे, म्हणून टपालाने लिहितो. पत्ता रेस्टॉरंटचा घातला, कारण तुमची खोली तीच आहे की बदलली, हे मला कुणी सांगत नाही. मालक म्हणून साहूजींनी पाकीट उघडलंच तर त्यांनाही नमस्कार.

आधीच सांगून टाकतो की पैसे मागायला लिहिलेलं नाही. तब्येत बरी आहे. व्हिसाला अजून मुदत आहे. पहाटेचं डबे भरायचं काम चालू आहे. भाताच्या सरकत्या पट्ट्यावरून मला आता उमेच्या पट्ट्यावर घेतलं. खारवलेलं फळ भाताच्या बरोबर मध्यावर ठेवायचं, कडेला गेलं की डबा परत येतो. माझा एकही परत आलेला नाही.

लिहायचं कारण असं की ३ नोव्हेंबरला, रविवारी, आमच्या विद्यापीठाच्या उत्सवाचा शेवटचा दिवस आहे. तुम्ही यावं असं मला वाटतं.

हे वाक्य कच्च्या कागदावर पुष्कळदा लिहिलं आणि खोडलं. तुम्हाला काय आठवेल ते मला माहीत आहे. आजारी माणसांची सेवा शिकवणारी शाळा ठरली होती, तिथेच चिबामध्ये, तुमच्या खोलीपासून दोन स्टेशनांवर. पुढे नोकरी पक्की होती. मी तुम्हाला न विचारता इथली परीक्षा दिली आणि पास झालो. त्यावर तुम्ही जे बोललात ते सगळं इथे लिहीत नाही. शेवटचं तेवढं लिहितो. तुम्ही म्हणालात, "विद्यापीठात काय असतं? नाचगाणी. जा, नाच." आणि फोन ठेवलात. त्याला दीड वर्ष झालं.

दाजू, नाचगाणी असतात, हे खरं आहे. उत्सवाचे तीन दिवस तर तीच असतात. मी खोटं बोलणार नाही. सध्या सगळ्या आवारात रंगाचा वास सुटला आहे. आमच्या वर्गातली मुलं तिसऱ्या मजल्यावर भुतांचं घर बांधत आहेत आणि भूत व्हायला सगळे तयार, तिकीट फाडायला कुणी नाही. खाण्याचे गाळे लावणाऱ्यांची शौचतपासणी झाली. एका मुलाने आपली नमुन्याची नळी ग्रंथालयात विसरली. ती ज्यांना सापडली ते अजून त्याच्याशी बोलत नाहीत. त्याला आता गाळ्यावर पदार्थांना हात लावायला मनाई आहे. नुसतं बाहेर उभं राहून गिऱ्हाइकांना हाका मारायच्या.

परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीतल्या बाईंनी मला बोलावून गोड आवाजात विचारलं की घर्ती-सान, यंदा तुमच्याकडून करी ना? मी नाही म्हणालो. त्यांना वाटलं मला भाषा समजली नाही, म्हणून त्यांनी तेच हळूहळू विचारलं. मीही हळूहळू नाही म्हणालो. मग सांगितलं, करी माझे दाजू, म्हणजे थोरले भाऊ, करतात, आणि त्यांच्या हातची खाल्लेल्या माणसाने माझी लोकांना खाऊ घालणं ही फसवणूक होईल. मी ध्वज धरतो.

हेच तुम्हाला सांगायचं होतं. मी जयघोष पथकात आहे. काळा लांब कोट, पांढरे हातमोजे, मोठा ढोल. सामन्यांना आणि उत्सवाला उभं राहून विद्यापीठाचं गीत म्हणणारे, ओरडणारे, ते. टीव्हीवर तुम्ही पाहिले असतील आणि हसलाही असाल. पूर्वी इथे साठ जण होते म्हणतात. आता चार आहोत. प्रमुख कुराशिना-सान, चौथ्या वर्षाची मुलगी, उंचीने माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र तुमच्याहून मोठा. ढोलावर ओगिवारा, पहिल्या वर्षाचा. टाळ्यांचा ताल धरणारी एक मुलगी. आणि ध्वजाला मी.

ध्वज जांभळा आहे, खाटेच्या चार चादरी जोडल्या तर होईल एवढा. काठी लाकडी, दोन मजल्यांना पुरून उरेल अशी. पोटावर चामड्याचा पट्टा बांधायचा, त्याच्या वाटीत काठीचं बूड टेकवायचं, आणि गीत संपेपर्यंत सरळ धरून ठेवायची. पहिल्या दिवशी मी दोन कडवीही टिकलो नाही. कुराशिना-सान म्हणाली, "घर्ती, ध्वज आहे तो, छत्री नाही."

आता मी टिकतो. तुम्ही या. गाळ्यांची कुपनं आगाऊ घेऊन ठेवतो.

तुमचा धाकटा कान्छा,
सुकमान


रविवार, २० ऑक्टोबर २०२४
दुपारचे साडेचार. व्यायामशाळेच्या मागच्या पायरीवर. हात मिठाच्या पाण्यातून काढून वाळवले आहेत, म्हणून अक्षर जरा कडक आलं आहे.

आदरणीय दाजू,

तुमचं उत्तर नाही. पण काल घरून आपल्या बहिणीचा फोन आला होता. फुलमाया म्हणाली, दाजूंनी कुणाला तरी चिबाहून इकडच्या गाड्या विचारल्या. मी तिला विचारलं, कुणाला? ती म्हणाली, "मला काय माहीत, तू एवढा तपास करतोस म्हणूनच ते तुझ्याशी बोलत नाहीत." त्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही. ३ तारखेला भाइटीकाही आहे, बहिणीने भावांना टिका लावायचा दिवस. दोन्ही भाऊ परदेशात आणि टिका फोनच्या काचेला, म्हणून ती रडवेली झाली होती. तुम्ही तिला एक फोन करा.

आज मोतेगी-सान आले होते. सत्तरी उलटलेले गृहस्थ. पन्नास वर्षांपूर्वी हाच ध्वज त्यांनी धरला होता, हीच काठी. दर वर्षी उत्सवाआधी येऊन नव्या ध्वजधाऱ्याला पाहून जातात. परदेशी मुलगा धरणार हे कळल्यावर ते काय म्हणतील, याची मला आठवडाभर धास्ती होती. त्यांनी मला पट्टा बांधायला सांगितला आणि माझ्याभोवती चकरा मारायला लागले.

नियम तुम्हाला लिहून ठेवतो, म्हणजे त्या दिवशी काही विचित्र वाटायला नको. ध्वज हातात असेपर्यंत ध्वजधाऱ्याने बोलायचं नाही. घाम पुसायचा नाही. मान वळवायची नाही, कुणी कितीही हाक मारली तरी. काठी कलली तर पाय हलवायचा नाही, पाठीने सावरायचं. अगदीच पडायची वेळ आली तर आपण आधी मागे पडायचं, म्हणजे ध्वज आपल्या अंगावर येतो, मातीवर नाही. मातीला लागला तर एक वर्ष ध्वजाच्या पेटीला कुलूप. आम्ही चार आहोत आणि मार्चमध्ये कुराशिना-सान पदवी घेऊन जाणार. एक वर्ष कुलूप म्हणजे पथक संपलंच.

मोतेगी-सान माझ्या पाठीमागे गेले आणि एकदम ओरडले, "भूकंप." मी हललो नाही. मग म्हणाले, "पोरा, तुझ्या खिशातून पैसे पडले बघ." मी हललो नाही. ओगिवारा मात्र खाली वाकून शोधायला लागला. मग ते अगदी कानाशी येऊन हळूच म्हणाले, "घरून कुणीतरी आलंय तुला भेटायला."

काठी हातभर कलली, दाजू.

ते पुढे आले, काठीला एका बोटाने धरून सरळ केली आणि म्हणाले, "सगळे इथेच वळतात. दोन आठवडे आहेत. हे एवढं बघ." आणि निघून गेले. मी चालेन की नाही, परदेशी की कोण, यावर एक शब्द नाही. कुराशिना-सान म्हणाली की त्यांनी "बघ" म्हटलं म्हणजे पसंत आहे, नाहीतर ते पट्टा काढायला सांगतात.

तेव्हापासून मी डोळ्यांसमोर एक जागा धरून ठेवली आहे. व्यासपीठासमोरच्या जिंको झाडाची सगळ्यात वरची फांदी. तिच्याकडे पाहायचं. दुसरीकडे नाही.

तुम्ही आलात तर दोरीच्या बाहेर उभे राहा, डाव्या बाजूला, तिथून चांगलं दिसतं. गीत संपलं की मी स्वतः येतो.

तुमचा कान्छा


सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४
सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. उत्सवानंतरची सफाई चालू आहे. माझ्याकडे फरशीवरच्या चिकटपट्ट्या खरवडायचं काम होतं, ते संपवून बसलो.

दाजू,

मी तुम्हाला पाहिलं.

तुम्हाला वाटत असेल मी पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. दुसऱ्या कडव्याच्या मध्याला तुम्ही भजीवाल्या गाळ्याजवळून आलात. करडा कोट, तोच जुना. मान न वळवता कडेने जेवढं दिसतं तेवढ्यातच मी तुम्हाला ओळखलं, कारण कपाळावर सात रंगांचा टिका होता. सगळ्या आवारात तसा एकच माणूस. एक लहान मुलगी तुमच्याकडे बोट दाखवत होती आणि तिची आई ते बोट खाली करत होती. गळ्यात मखमली फुलांची माळ आणि हातात आणखी एक. ती दुसरी कुणासाठी होती ते मला लगेच समजलं.

इथल्या रविवारी रेस्टॉरंटला श्वास घ्यायला फुरसत नसते. तरी तुम्ही सुट्टी काढलीत. साइत-मुहूर्त न पाहता सकाळीच कुणाकडून तरी टिका लावून घेतलात आणि गाड्या बदलत इथवर आलात. हे सगळं मला त्या एका क्षणात कळलं आणि काठी जड झाली.

तुम्ही हाक मारलीत. "ए कान्छा!" आपल्या गावात या डोंगरावरून त्या डोंगरावर मारतात तशी. नेमका तेव्हा ढोल थांबला होता. दोन कडव्यांच्या मध्ये ओगिवारा तेवढा थांबतो. त्यामुळे ती हाक सगळ्यांनी ऐकली. मग दुसरी. मग तिसरी. भुतांच्या घराच्या खिडकीतून भुतंसुद्धा बाहेर डोकावली, हे मला नंतर कळलं.

मी जिंकोच्या फांदीकडे पाहत होतो. फांदी हलायला लागली होती. आकागी डोंगरावरून कोरडा वारा उतरतो तो या दिवसांत, पण एवढ्या लवकर कुणाला अपेक्षा नव्हती. गाळ्यांची छपरं उडायला लागली, पोरं खांबांना लोंबकळली. ध्वज फुगला आणि मला ओढायला लागला.

आणि तुम्ही दोरी ओलांडलीत.

माळ दोन्ही हातांनी पुढे धरून सरळ माझ्याकडे यायला लागलात. तुमच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. मान मिळालेल्या माणसाच्या गळ्यात माळ घालायची, त्यात काय चुकलं. तिहारच्या सणाचा दिवस, भाऊ समोर, आणि नियम परक्या लोकांसाठी असतात. मी नियम लिहून पाठवला होता. तुम्ही तो वाचलाही असणार. तरी तुम्ही आलात, कारण तुमच्या हिशेबात दाजू परका नव्हता.

कुराशिना-सान पुढे वळली आणि पांढऱ्या मोज्याचा हात तुमच्यासमोर धरला. पुढचं बोलणं मी शब्द न शब्द ऐकलं, कारण मी चार पावलांवर होतो.

ती म्हणाली, "थांबा. आत यायचं नाही."

तुम्ही म्हणालात, "माझा भाऊ आहे तो."

ती म्हणाली, "आत्ता तो कुणाचा भाऊ नाही. आत्ता तो ध्वज आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी बोलावं म्हणून वाट पाहिलीत. दाजू, त्या वेळी मी एक शब्द बोललो असतो तर छातीतला श्वास सुटला असता, आणि श्वास सुटला असता तर काठी गेली असती. मला पाठीमागे पडायलाही जागा नव्हती, मागे ढोल होता. मी फांदीकडे पाहत राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्याने. तसंच लिहितो.

तुम्ही माळ दोरीवर टांगलीत आणि गेलात.

त्यानंतर दीड कडवं होतं. मग जयघोष, मग तीनदा नमन. ध्वज कलला नाही. हे मी माझ्या तोंडाने म्हणत नाही, मोतेगी-सान म्हणाले. शेवटी ध्वज उतरवून घडी घालताना ते दोरीच्या आत आले, सगळ्यांसमोर टोपी काढून मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "माझ्या वेळी असा वारा असता तर मी पडलो असतो." लोक टाळ्या वाजवत होते. भजीवाला मुलगा तळण सोडून टाळ्या वाजवत होता. सात-आठ वर्षांच्या एका पोराने येऊन विचारलं, "दादा, तुझे हात लोखंडाचे आहेत का?" मी मोजा काढून दाखवला. तो म्हणाला, "अरे, हे तर फुटलेत," आणि आईकडे पळाला.

मग मी कोटासकट धावत सुटलो. मुख्य दरवाजा, मागचा दरवाजा, बसथांबा. बस गेली होती.

आज सकाळी फुलमायाचा फोन आला. म्हणाली, दाजू घरी फोनवर एवढंच बोलले, "त्याला माझी लाज वाटली. कपाळाला रंग लावलेला स्वयंपाकी भाऊ म्हणून दाखवायला."

हे ऐकून मी गप्प बसू शकत नाही. मी सातवीत शाळा सोडून बुटवलच्या चहाच्या दुकानात कपबशा धूत होतो, तेव्हा मला कानाला धरून परत वर्गात कुणी बसवलं? माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान पोरांमध्ये बसलो म्हणून मी रडलो, तेव्हा "तू बस, मी बाहेर उभा आहे" असं कुणी म्हटलं? त्या माणसाची मला लाज वाटेल? इथल्या कचेरीत, पथकात, डब्यांच्या पट्ट्यावर, सगळ्यांना माहीत आहे की माझे दाजू काय करतात. मी विचारण्याआधीच सांगतो.

पण माफी कशाची मागायची हे मला ठरवता येत नाही. हाक ऐकली, हे खरं. वळलो नाही, हेही खरं. पुन्हा तसा प्रसंग आला तर पुन्हा वळणार नाही. कधी नव्हे ते माझ्या हाती काहीतरी असं दिलं गेलं होतं जे मी खाली ठेवलं असतं तर चार माणसांचं वर्ष बुडालं असतं. मी ते खाली ठेवलं नाही. तुम्ही चिडलात तरी मला त्याचा अभिमान आहे. तुम्हीही ते पाहिलंत, म्हणून जास्त आहे.

हात अजून फुटलेले आहेत. तरी अक्षर बघा, सरळ आहे.

माळ माझ्या खोलीत आहे.

सुकमान


रविवार, २४ नोव्हेंबर २०२४
सकाळचे आठ. पहाटेची पाळी करून आलो, चहा ठेवला आहे, तुमचं पत्र समोर उघडं आहे.

आदरणीय दाजू,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. पाकिटावर हळदीचा डाग होता, म्हणून उघडण्याआधीच कळलं की घाईच्या वेळात लिहिलं आहे. मी आधी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

पण त्याआधी गुरुवारी कुराशिना-सानने मला सरावाच्या जागी बाजूला घेतलं होतं. म्हणाली, "घर्ती, काल मी चिबाला जाऊन आले. पथकाने एका पाहुण्याला हात दाखवून अडवलं, त्याचा जबाब प्रमुखाने द्यायचा असतो. तुला आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास." पत्ता तिला कुठून मिळाला? मीच पाकिटं लिहून तिच्याकडे टपालाला देत होतो. मला आधी राग आला आणि मग तो कुठे ठेवायचा ते समजेना.

पुढचं अर्धं तिने सांगितलं आणि अर्धं तुमच्या पत्रात आहे. दोन्ही जुळवून मी आता रोज एकदा मनात पाहतो. बुधवारची दुपार, जेवणाऱ्यांची गर्दी. दार उघडतं आणि काळ्या लांब कोटातली एक मुलगी, हातात कागदात बांधलेला मिठाईचा खोका, दारातच कमरेत वाकून पूर्ण आवाजात क्षमा मागते. तो आवाज मैदानावरचा आहे, दाजू, चार भिंतींतला नाही. सगळ्यांचे चमचे हवेत. साहूजींना वाटलं व्हिसाच्या कचेरीची माणसं आली, ते आत जाऊन सगळ्यांची ओळखपत्रं गोळा करायला लागले. तुम्ही लिहिलंय की भांडी घासणारा पेमा काम सोडून मागच्या दाराने बाहेर गेला आणि त्याला परत आणायला तासभर लागला. त्याची कागदपत्रं सगळी नीट असताना.

साहूजी ओरडले, नरजित, लवकर ये, तुझ्यासाठी आलंय कुणी. तुम्ही गेला नाहीत. पुन्हा ओरडले. तरी नाही. ती तशीच वाकून उभी होती. ती सांगत होती, "मला वाटलं, रागावले आहेत, येणारच नाहीत. मग मी ठरवलं की वाकलेलीच राहायचं."

मग तुम्ही बाहेर आलात. हातात सळई, कपाळावर घाम. तुम्ही जे म्हणालात ते तिने मला दोनदा सांगितलं. मीच पुन्हा सांगायला लावलं.

"चार नान तंदूरला लागले होते. लागलेले असताना मी बापाच्या हाकेलाही वळत नाही, एक क्षण गेला की जळतात. तुला इथे वाकवून ठेवलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी वळत नाही, तर त्याने का वळावं?"

हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. पत्रात एवढंच आहे की "तुझी प्रमुख येऊन गेली, जेवून गेली, बरी पोरगी आहे, तिला भिऊन असतोस ते बरोबरच." हेही चालेल. मला माहीत आहे की तुम्हाला कुठल्या गोष्टी लिहिता येत नाहीत. मला लिहिता येतात, म्हणून मी लिहितो. आपल्या दोघांत तेवढी वाटणी आहे.

तुम्ही तिला बसवून पाच नान खायला घातलेत, असं ती म्हणाली. तिसऱ्यानंतर ती नाही म्हणत होती, पण क्षमा मागायला आलेल्या माणसाला ताट सोडता येत नाही, म्हणून तिने सगळं संपवलं. संध्याकाळी गाडीत तिला उभं राहून यावं लागलं, बसवेना. आणि ती निघताना तुम्ही वाऱ्याबद्दल विचारलंत. खरंच पडला असता का? ती म्हणाली की पडला असता तर आधी तो, मग त्याच्यावर ध्वज. तुम्ही तसेच आत गेलात. तिला वाटलं तुम्ही पुन्हा चिडलात. मी तिला सांगितलं की नाही, आत गेले म्हणजे चिडले नाहीत.

तुमच्या पत्रातले प्रश्न. एक, पगार मिळतो का. नाही. दोन, मग कशासाठी. याचं उत्तर तोंडी देईन. तीन, अभ्यास कसा आहे. दोन विषयांत मध्यम, बाकी चांगला, संख्याशास्त्रात वर्गात तिसरा. चार, पुढच्या वर्षी दोरीच्या आत यायचं तर काय करावं लागतं. गीत संपून ध्वजाची घडी होईपर्यंत काही केलं तरी येता येत नाही, दाजू. त्यानंतर मी तुम्हाला हात धरून आत नेईन आणि मोतेगी-सानशी ओळख करून देईन. ते विचारत होते, तुझ्या भावाचा आवाज कुठे तयार झाला? मी म्हणालो, डोंगरात. ते म्हणाले, असला आवाज पथकाला मिळाला असता तर.

आणि एक सांगायचं राहिलं. उत्सवानंतर दोन नवी मुलं पथकात आली आहेत. त्यातल्या एकाला ध्वज शिकवायचा आहे. हे काम मला दिलं आहे. काल पहिल्यांदा त्याला पट्टा बांधून उभा केला, त्याच्या पाठीमागे गेलो, आणि काय ओरडावं ते सुचेना. शेवटी आपल्या भाषेत ओरडलो. त्याला अर्थ कळला नाही, तरी तो दचकला. मी पुढे जाऊन एका बोटाने काठी सरळ केली आणि म्हणालो, "हे एवढं बघ."

फुलमायाला फोन करून सगळं सांगितलं. ती हसता हसता रडली, किंवा उलट. तिच्या बाबतीत कळत नाही.

तुमचा,
सुकमान

तुम्ही नेहमी शेवटी हिशेब मागायचात, म्हणून शेवटी लिहितो.

उत्सवाचा खर्च: हातमोजे दोन जोड ७६० येन, जखमेच्या पट्ट्या ३९८, बुटाचा तळ शिवून घेतला १,२००. तुमच्यासाठी घेतलेली गाळ्यांची कुपनं १,०००, ती ओगिवाराने खाल्ली.

मिठाईचा खोका कुराशिना-सानने स्वतःच्या पैशांनी घेतला. मी द्यायला गेलो, तिने घेतले नाहीत.

देणं: भाषाशाळेची फी, तुम्ही भरलेली, चार लाख ऐंशी हजार. जानेवारीपासून दरमहा दहा हजार पाठवीन. तुम्ही पत्रात "राहू दे" लिहिलं आहे. राहू देणार नाही.

१५ डिसेंबरला, रविवारी, तुमच्याकडे येतो. जायचं भाडं २,६४० येन, ते बाजूला काढलं आहे. परतीचं भाडं तुम्ही देणार म्हणून लिहिलंत. ते घेईन.